मर्यादवेलीच्या अलीकडे

आजऱ्याहून समुद्र शंभर किलोमीटरच्याही आत आहे. आंबोली, मग घाट उतरून सावंतवाडी, तिथून शिरोडा नाहीतर वेंगुर्ला. पण आमची हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि इतक्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. घटप्रभेतून कृष्णेत, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. आम्हा आजरेकरांचं पाण्याचं शिक्षण याच नदीवर झालेलं, त्यामुळे समुद्रालाही आम्ही नदीच्याच मापानं मोजतो. सहा वर्षं दर हिवाळ्यात आम्ही घरची आठ माणसं तंबू घेऊन वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर राहतोय: सासूबाई, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि तीन मुलं. नदीचं हे माप डोक्यातून काढायला त्यातली बरीच वर्षं गेली.

१. तंबू मर्यादवेलीच्या अलीकडेच टाकावा.

पहिल्या वर्षी आम्ही शाकंभरी पौर्णिमेला गेलो. चांदणं मिळेल एवढाच विचार. संध्याकाळी पाचला पोचलो तेव्हा समुद्र लांब मागे गेलेला, वाळू अंगणासारखी सपाट आणि घट्ट. नदीकाठी सपाट जागा मिळाली की आपण तिथंच सतरंजी पसरतो, तसे दोन्ही तंबू तिथंच उभे केले. जाळं गुंडाळत बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘आज पुनव आसा. हंयसर रवा नकात, पाणी वर येतला.’’ आम्ही मान डोलावली आणि पाणी तर इतकं लांब आहे म्हणून तिथंच राहिलो.

रात्री अकराच्या सुमाराला सासूबाई उठून बसल्या. अंथरूण खालून गार लागतंय म्हणाल्या. बाहेर हात घातला तर फेस. पुढच्या लाटेनं मुलांच्या चपला आणि पिठाचा डबा नेला. तिघं मुलं उचलून आम्ही अंधारात वर पळालो. तंबू ओढून काढेपर्यंत पाणी पोटरीला लागलं होतं.

सकाळी त्याच मावशींनी जमिनीवरची वेल दाखवली. आपट्यासारखी मधोमध दुभंगलेली जाड पानं, जांभळी फुलं, वाळूवरून लांबच लांब सरपटत गेलेली. ही मर्यादवेल. नेहमीची भरती जिथवर येते त्याच्या वरच ती मूळ धरते, म्हणून हे नाव. समुद्रानं आपली हद्द कुठवर आहे ते तिथं लिहूनच ठेवलं होतं, आम्हाला ते वाचता येत नव्हतं. आता गाडीतून उतरलं की मुलं आधी वेल शोधतात.

२. निघायच्या आधी तिथी बघावी.

आमच्याकडे कालनिर्णय एकादशी-चतुर्थीसाठी उघडतात, किनाऱ्यावर पाण्यासाठी. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षातही तिथी पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायची. दिवसातून दोनदा भरती, दोन भरतींमध्ये साडेबारा तासांच्या थोडं आतलं अंतर, आणि रोज पाऊण-एक तास उशीर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. लहान मुलं असतील तर अष्टमीच्या जवळपासचे दिवस धरावेत असं माझं मत. हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं इकडेतिकडे होतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारायचंच.

३. नदीत पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही.

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. दीर हिरण्यकेशीत पुरात उड्या मारणारे. तिसऱ्या वर्षी ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाजवळ पाण्यात उतरले. तिथं लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत दिसत होतं, म्हणून मुद्दाम तीच जागा निवडली होती. दहा मिनिटांत ते आत ओढले गेले. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होते आणि प्रत्येक हाताला आणखी लांब दिसत होते. वाळूवरून एक म्हातारे मच्छीमार पळत आले. दोन्ही हात आडवे हलवत ते ओरडत राहिले, ‘‘आडवो ये, आडवो!’’ दिरांना ते कळलं. किनाऱ्याला समांतर पोहत ते ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडले आणि बऱ्याच लांबवर लाटांबरोबर वर आले. जाऊबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

किनाऱ्यावर आलेलं पाणी मागे फिरताना एखाद्या अरुंद वाटेनं वेगानं आत जातं. तिथं लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. नदीची ओढ डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण बुडाले. आपल्यासारखीच घाटावरून उतरलेली माणसं. तेव्हापासून सहलीला निघणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी हे सांगते, कंटाळला तरी सांगते. आमच्यात मुलं हात धरून गुडघ्यापर्यंत, मोठी माणसं कमरेपर्यंत, आणि ओहोटी लागली की सगळे बाहेर.

४. वाळूत खुंटी धरत नाही.

तांदळाची रिकामी पोती न्यावीत, वाळूनं भरून हातभर खोल पुरावीत आणि तंबूची दोरी त्यांना बांधावी.

५. वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो.

दुपारनंतर समुद्राकडून, पहाटे डोंगराकडून. पहाटेच्या त्या वाऱ्याला इथं मतलई म्हणतात, तो जानेवारीत चांगलाच बोचतो. समुद्र दिसावा म्हणून तंबूचं दार तिकडे केलं तर संध्याकाळी भातात वाळू येते. चूल सुरूच्या झाडांपासून लांब असावी, त्यांची वाळलेली पानं ठिणगीनं पेटतात.

६. आधी विचारावं, मग उतरावं.

सुरूबन मोकळं दिसलं तरी त्याला मालक असतो. आम्ही ग्रामपंचायतीत विचारतो, मग एखाद्या घराच्या मागच्या अंगणात जागा मागतो. बायकांच्या दृष्टीनं तर हे फार गरजेचं. न्हाणीघर, संडास आणि विहिरीचं गोडं पाणी मिळालं की सहल सगळ्यांची होते, नाहीतर ती फक्त पुरुषांची आणि मुलांची.

आणि माणसं जोडली जातात. एका सकाळी रापण ओढायला माणसं कमी होती, आम्हीही दोराला लागलो. दोन टोकांनी दोन रांगा पाय रोवत मागे सरतात आणि जाळं तासाभरानं वाळूवर येतं. तारली, थोडे बांगडे, चांदीसारखे उडणारे. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, आम्हालाही टोपलीभर मिळाला. मी आजऱ्याचा घनसाळ नेला होता. भात शिजायला लागला तसा घरमालकीण काकू वास काढत अंगणात आल्या आणि झाकण उचलून बघितलं. त्या दिवसापासून आम्ही दर वर्षी पाच किलो घनसाळ देतो आणि येताना कोकमं आणतो.

७. रात्री उजेड कमीत कमी ठेवावा.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी घरटी राखतात. मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि समुद्रावरच्या उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. आपली बत्ती त्याहून उजळ असली तर ती बत्तीकडे येतात आणि उन्हात मरतात.

गेल्या वर्षी पहाटे थोरलीनं मला हलवून उठवलं. तंबूपासून वीसेक पावलांवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग होता, पाण्यातून वर मर्यादवेलीपर्यंत आलेला आणि तसाच परत गेलेला. मधे वाळू उकरून पुन्हा सारखी केलेली. आम्ही रात्रभर बत्ती विझवून झोपलो होतो. थोरली मागाच्या कडेनं उकिडवी बसून राहिली, धाकट्यांना पाय टाकू देईना. उजाडल्यावर मी काकूंना बोलवायला गेले.