स्वमग्न बालक, संवेदना आणि आपली वाक्यरचना

'तो त्रास देतो' आणि 'त्याला त्रास होतो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात 'तो' कर्ता आहे. दुसऱ्यात तोच चतुर्थीत जाऊन अनुभव घेणारा ठरतो. थंडी वाजणे, टोचणे, खुपणे यांसाठी मराठी ही दुसरी रचना योजते, कारण संवेदना आपण करीत नाही. ती आपल्याला होते.

स्वमग्न बालकाविषयी बोलताना मात्र हे भान सुटते. निफाड तालुक्यातील सायखेडा या गोदाकाठच्या गावातील एखादी अंगणवाडी कल्पावी. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची ये-जा, आत पत्र्याखाली थाळ्यांचा खणखणाट. चार वर्षांचे मूल कान झाकून किंचाळते, गिळगिळीत खिचडी थुंकते, नवा सदरा काढून फेकते. 'हट्टी आहे', 'लाडावले आहे' असा निवाडा होतो आणि काही दिवसांत त्या मुलाचे येणेच थांबते. वास्तविक संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे लक्षण अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट केले आहे.

'त्याला सदरा टोचतो' असे म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : नेमके काय टोचते? कॉलरची पट्टी, की खळ? खरखरीत, बुळबुळीत, कर्कश, उग्र, कुबट अशा विशेषणांची मराठीत वाण नाही. सेविकेने आठवडाभर याच शब्दांत नोंदी ठेवाव्यात. मग उपाय साधे असतात. थाळ्यांखाली गोणपाट अंथरावे, मुलाला दारापासून दूर शांत कोपरा द्यावा, घंटेपूर्वी सूचना द्यावी, खिचडीऐवजी कोरडा पदार्थ चालतो का ते पाहावे. बळजबरीने 'सवय लावणे' टाळावे. चतुर्थीची रचना म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाकडे मुलाला अवश्य दाखवावे.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल. असे मूल तहान लागल्यावर 'तुला पाणी हवं का?' असे म्हणते. ही निरर्थक पोपटपंची नव्हे. पाणी मिळताना जे वाक्य ऐकले, तेच त्याने जसेच्या तसे मागणीसाठी वापरले. लिओ कॅनर यांनी १९४३ सालच्या निबंधात सर्वनामांची ही अदलाबदल नोंदवली होती. सेविकेने पाणी द्यावे आणि मुलाच्या बाजूने 'मला पाणी हवं' असे म्हणावे. दुरुस्तीसाठी पाणी अडवून धरू नये.

स्वाध्याय : 'ती केस विंचरू देत नाही', 'तो पंख्याखाली बसत नाही' ही वाक्ये बालकाला चतुर्थीत ठेवून पुन्हा लिहा. तसे करण्यापूर्वी कोणते निरीक्षण करावे लागेल, तेही नोंदवा.