जुन्या ट्रकसाठी मामाचे कानमंत्र

भाच्या, जुनी १६१३ घेतलीस, बरं केलंस. लिंबू-मिरची तू न सांगता बांधशीलच. बाकीचं माझ्याकडून ऐक.

१. सकाळी सेल्फ मारायच्या आधी, गाडी सपाट जागी असताना पट्टी ओढून ऑइल बघ – चालू इंजिनात ऑइल वर चढलेलं असतं, पट्टी खोटं सांगते. रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर सेल्फला हात लावू नको, ऑइलमध्ये पाणी शिरलंय.

२. रेडिएटरमध्ये विहिरीचं-बोअरचं पाणी नको, कूलंट घाल – क्षार जाळीत बसतात आणि इंजिन तापतं ते नेमकं घाटात.

३. हवेच्या टाक्यांचे कॉक रोज उघडून पाणी सोड, पावसाळ्यात तर न चुकता – कॉम्प्रेसर हवेबरोबर बाष्पही ओढतो, त्याच्या पाण्याने व्हॉल्व्ह गंजतात.

४. हवेचा काटा ६ किलोच्या वर गेल्याशिवाय चाक हलवू नको. मग इंजिन बंद करून कान दे – बारीक ‘फुस्स’ ऐकू येतं ते तेव्हाच.

५. टॉमीने प्रत्येक टायर ठोक, मागच्या जोडीतला आतला आधी – त्याची हवा गेली की सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि तोही तापून फुटतो. दोघांत अडकलेला दगड तिथल्या तिथे काढ.

६. चाकाच्या नटाखाली गंजाची लालसर रेघ ओघळलेली दिसली तर नट ढिला समज. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरवर पुन्हा आवळ – मधली घाण, रंग दबला की पहिला आवळ सैल पडतो.

७. किंगपिन, पाट्यांच्या पिना, जॉइंटचा क्रॉस – काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मार. ग्रीसला कंजूष, तो टोचनला उदार.

८. डिझेल फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढत जा, रात्री टाकी कोरडी ठेवू नको – रिकाम्या जागेत बाष्प जमतं, आणि पंप-नोझलचं बिल डिझेलपेक्षा भारी असतं.

९. ऊसवाहतुकीच्या धुळीत एअर फिल्टर लवकर बघ, पण आपटून झटकू नको – कागद फाटला की धूळ थेट लायनर-पिस्टनपर्यंत जाते.

१०. खंबाटकी असो की कसारा, चढायला जो गिअर लागला त्याच्या वरच्या गिअरमध्ये उतरू नको, न्यूट्रल तर नाहीच – ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक नावापुरता उरतो. घाट चढताना गाडीची परीक्षा, उतरताना ड्रायव्हरची.

११. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत लिही – आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, पासिंगच्या आदल्या रात्री आठवत बसायला नको.

किन्नरला हे सगळं शिकव, पण रोज एकदा स्वतः खाली वाकून बघ. जो मालक गाडीखाली वाकत नाही, त्याला गाडी रस्त्यावर वाकवते.