सायकलीचे आवाज आणि साखळीची झीज

सायकल हे आपल्या देशातील कष्टकऱ्यांचे वाहन आहे. दूध, वर्तमानपत्रे, भाजीपाला, टपाल अशा कितीतरी गोष्टी आजही तिच्यावरून घरोघरी पोचतात. ओझे लादलेल्या सायकलीला चढ लागला की स्वार बैठकीवरून उठतो आणि शरीराचा सारा भार एका पायडलवर टाकतो. नेमक्या त्याच क्षणी झिजलेली साखळी दात्यांवरून उसळली, तर पायाखालचा आधार एकाएकी नाहीसा होऊन तो रस्त्यावर कोसळतो. असा अपघात सहसा पूर्वसूचनेवाचून घडत नाही. त्यापूर्वी बरेच दिवस सायकल आवाज करीत असते. तो आवाज कसा ओळखावा आणि झिजलेला भाग घरच्या घरी कसा बदलावा, याचा विचार या प्रकरणात करू. येथील विवेचन गिअर नसलेल्या, कॉटर पिना असलेल्या साध्या सायकलीला अनुसरून केले आहे.

साखळी खरोखर ताणते काय?

1880 मध्ये मँचेस्टर येथील हान्स रेनॉल्ड याने पुंगळी आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. 1885 मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ ही साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल पुढे आली. आपल्या सायकलीची साखळी रेनॉल्डच्याच पद्धतीची असते. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पोलादी खिळी, तीभोवती पुंगळी आणि पुंगळीवर फिरणारा रोलर असतो. लगतच्या दोन खिळींच्या मध्यांतील अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. या अंतराला येथे आपण ‘कडी’ म्हणू. चक्रांचे दातेही याच मापाने कापलेले असतात.

साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो. परंतु तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. खिळी आणि पुंगळी एकमेकींवर घासून झिजतात व प्रत्येक सांध्यात किंचित अवकाश निर्माण होतो. एका कडीत हा फरक 0.13 मिलिमीटर एवढाच असला, तरी 112 कड्यांच्या साखळीत तो जवळजवळ 15 मिलिमीटर होतो. सैल झालेल्या साखळीतून दोन कड्या काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्याने साखळी आखूड होते. पण उरलेल्या कड्यांचे वाढलेले माप तसेच राहते. ती दात्यांवर नीट न बसता त्यांनाही झिजवीत जाते.

आवाज मोजावा

आवाज कोणता आहे यापेक्षा तो किती वेळाने परत येतो, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते आणि साखळीत 112 कड्या आहेत असे धरू. पायडलांच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरेल. उलट, साखळीची एक फेरी पुरी होण्यास पायडलांच्या सुमारे अडीच फेऱ्या लागतील.

म्हणून पायडलांच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागी ‘टक’ असा आवाज आला, तर कॉटर पिन, पायडल किंवा मधल्या आसाचे छर्रे तपासावेत. दर अडीच फेऱ्यांनी आवाज परतत असेल, तर साखळीची एखादी कडी आखडली आहे असे समजावे. पाय थांबविल्यावरही आवाज चालू राहिला, तर दोष चाकात किंवा मडगार्डात शोधावा. अखंड कुरकुर हे कोरड्या साखळीचे लक्षण होय. पाय थांबविल्यावर फ्रीव्हीलमधून येणारी बारीक टिकटिक मात्र दोष नव्हे. ती बंद पडून पायडल मधूनच मोकळे फिरू लागले, तर आतील कुत्री घट्ट झालेल्या वंगणात अडकली असण्याचा संभव असतो. अशी सायकल चालवू नये.

मोजणी आणि बदल

साखळी ताणून धरावी आणि पोलादी पट्टीने एका खिळीच्या मध्यापासून 24 कड्या मोजाव्यात. नव्या साखळीत हे अंतर बरोबर 12 इंच भरते. ते 1/16 इंचाने वाढले की साखळी बदलावी. त्या वेळी चक्रे बहुधा शाबूत असतात. वाढ 1/8 इंचापर्यंत गेली, तर दातेही बहुधा झिजलेले असतात. एका बाजूला कललेले, टोकदार झालेले दाते नव्या साखळीलाही लवकर खातात. म्हणून अशा वेळी तिन्ही भाग एकदम बदलणे अंती स्वस्त पडते. फ्रीव्हील काढण्यास विशेष हत्यार आणि मजबूत शेगडा लागतो; तेवढ्यापुरते चाक दुकानात न्यावे.

नवी साखळी जुनीइतक्याच कड्यांची घ्यावी. कड्या मोजाव्यात, लांबी नव्हे. जोडकडीची चाप बसविताना तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेने ठेवावे, अन्यथा ती निसटू शकते. साखळी मध्यभागी सुमारे अर्धा इंच वरखाली हलेल इतपतच ताण द्यावा. पायडल फिरवून जेथे ती सर्वांत घट्ट होते, तेथेच हे पाहावे.

कॉटर पिन काढताना तिची चाकी आट्यांच्या टोकापर्यंत सैल करावी, क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम टेकू द्यावा आणि हातोडीचा एकच नेमका घाव घालावा. टेकू नसेल तर घावाचा जोर छऱ्यांवर जातो. नवी पिन नमुना दाखवूनच आणावी. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी बसतात. तसे न केल्यास पायडले एका रेषेत येत नाहीत. थोडे अंतर चालविल्यावर चाक्या पुन्हा आवळाव्यात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही विसरू नये.

निगा

साखळी रॉकेलने उघड्यावर, विस्तवापासून दूर धुवावी. पुरती सुकल्यावर प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि बाहेरचे तेल पुसून घ्यावे. बाहेर राहिलेल्या तेलात धूळ मिसळून तिचा झीज वाढविणारा लेप बनतो. चाक फिरत असताना फडके किंवा बोटे साखळीजवळ कधीही नेऊ नयेत.

महिन्यातून एकदा ही पट्टी लावण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांची रोजची मिळकत सायकलीवर अवलंबून आहे, त्यांनी तरी ती टाळू नये.