शनिवारची यादी

पुण्याच्या पश्चिमेला २२ मजली टॉवर चालू होता आणि मी तिथे नवाकोरा प्लॅनिंग इंजिनीअर होतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अकराशे ओळींचं वेळापत्रक बनवलं, लाल-निळ्या पट्ट्यांचा भलामोठा प्रिंट काढून साइट ऑफिसच्या भिंतीला लावला. पहिल्या पावसात पत्रा गळायला लागला तेव्हा कुणीतरी तो प्रिंट उतरवून सिमेंटच्या गोण्यांवर पसरला. तेवढाच त्याचा उपयोग झाला. पुढच्या अडीच वर्षांत जे शिकलो, ते असं.

१. ‘नव्वद टक्के झालं’ हे उत्तर चालवून घेऊ नये. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तीन आठवडे नव्वद टक्क्यांवर बसून होतं. उरलेले दहा टक्के म्हणजे पाणी भरून ठेवायची चाचणी, आणि ती झाल्याशिवाय टाइलवाला आत पाऊल टाकत नाही. त्याच्या हिशेबी काम शून्य. मग मी आठवड्याच्या शीटमधून टक्क्यांचा रकाना उडवला; ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’, एवढंच ठेवलं. ५० कामं कबूल केली आणि ३१ पूर्ण झाली, तर आठवड्याचा निकाल ६२ टक्के.

२. यादी मुकादमाच्या तोंडून यावी. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात असाच आठवड्याचा निकाल मोजला, तेव्हा आठवड्याला ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच पुरी होताना दिसली. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘लास्ट प्लॅनर’. शेवटचा नियोजक, म्हणजे सकाळी माणसांना ‘तू हे कर, तू ते कर’ असं सांगणारा. आपल्याकडे तो मुकादम.

मी मात्र शुक्रवारी रात्री एकटा बसून यादी करायचो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. सगळे अंगठा पाठवायचे. त्या अंगठ्याचा अर्थ ‘पाहिलं’ असा होता. मी तो ‘करतो’ असा घेत होतो. पुढे बैठक शनिवारी दुपारी ठेवली, खर्ची वाटायच्या आधी, कारण त्या वेळी सगळे मुकादम आपणहून हजर असतात. पहिले काही शनिवार कुणी बोलेना. मग एकदा फिटरांचा मुकादम म्हणाला, “साहेब, बुधवारी स्टील बांधून होत नाही. माझी चार माणसं खालच्या मजल्यावर अडकलीत. शुक्रवार लिहा.” माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पडलेली ती पहिली खरी तारीख.

३. ‘का नाही झालं’ हा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात लवकर सडणाराही तोच. मी सुरुवातीला २२ कारणांची यादी दिली होती, मोबाइलवर बोट दाबून निवडायची. दोन महिने जवळजवळ प्रत्येक कामापुढे ‘मजूर कमी’. मला वाटलं, रोग सापडला. नंतर लक्षात आलं, ‘मजूर कमी’ हे यादीत सगळ्यात वर होतं! कोण खाली सरकवत बसणार? कारणं सातवर आणली, दर आठवड्याला त्यांचा क्रम बदलला आणि मुकादम सांगेल ते त्याच्याच शब्दांत शेजारी लिहायला लागलो. मजूर तिसऱ्या नंबरवर गेले. वर आलं ते ‘आधीचं काम अपुरं’ : प्लंबरचे स्लीव्ह कुठे बसायचे ते ठरलेलं नाही, इलेक्ट्रिशियनचा पाइप टाकून व्हायचाय, म्हणून स्टील बांधून तयार असूनही स्लॅब भरता येत नाही.

सडतो कसा तेही पाहिलं. एका महिन्यात आमच्या वरिष्ठांनी हाच रकाना दाखवून एका मुकादमाचं बिल कापलं. पुढच्या शनिवारपासून प्रत्येक जण हमखास होणारी कामंच कबूल करायला लागला. निकाल ९५ टक्क्यांवर गेला. साहेब खूश, स्लॅब जागच्या जागी. ते बिल चुकतं करून मुकादमाला परत बोलतं करायला मला दोन महिने लागले.

४. उशीर दिसायला लागला की पट्टी माउसने डावीकडे ओढायचा मोह होतो. मी ओढलीही. सेंट्रिंगचे सेट पुढच्या मजल्याला हवे होते, म्हणून टेकू काढायचं काम चार दिवस अलीकडे घेतलं. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. सेंट्रिंगवाल्या मामांनी मात्र पान्याला हात लावला नाही. “स्लॅबला दिवस कळतात साहेब, तुमची पट्टी नाही कळत.” मामा बरोबर होते. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. असे दिवस वेळापत्रकात कुलूप घालून ठेवावेत. इंजिनीअर मी होतो, ही आठवण आजही सुखाची नाही.

५. कॅलेंडरमध्ये होळी आणि छठ घाला. एक दिवसाची सुट्टी म्हणून नाही. गावी गेलेली माणसं परत येईपर्यंतचे आठवडे धरून.

६. तळघरात नेटवर्क नसतं, तेव्हा शनिवारची यादी कागदावरही छापा, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत.

७. चालू आठवड्याइतकंच पुढच्या सहा आठवड्यांकडे बघा. ज्या कामाचं ड्रॉइंग, माल, परवानगी हातात नाही, ते साप्ताहिक यादीत घेऊच नये. आधी अडथळा काढणारा माणूस आणि तारीख लिहावी. हे आम्ही स्लॅब, प्लॅस्टर, खिडक्या सगळ्यांसाठी केलं आणि शेवटच्या वर्षी निकाल बहुतेक आठवडे ऐंशीच्या वर राहिला.

तरीही ताबा तीन महिने उशिरा दिला. लिफ्टच्या लायसन्सचा अर्ज करायचा राहून गेला होता. तो आमच्या कुठल्याच शनिवारच्या यादीत नव्हता.