आधी यादी निम्मी कर

अगं, तुझी यादी वाचली. सतरा पदार्थ! त्यात बासुंदी आणि गुलाबजाम दोन्ही, पनीर आणि अळूचं फदफदं दोन्ही, शिवाय पुऱ्या, भजी, आणि खाली बारीक अक्षरात 'वेळ मिळाला तर दहीवडे'. वेळ मिळणार नाहीये. नव्या घरातली पहिली भाऊबीज, माहेरची-सासरची मिळून १४ माणसं, अशा वेळी हात आखडता घ्यावासा वाटत नाही, हे मला कळतं. पण आता पेन घे आणि मी सांगते तसं खोडायला लाग.

भाऊबिजेपर्यंत लोकांची पोटं कशी झालेली असतात, ते आठव. वसुबारसेपासून चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे. ज्याच्या घरी जावं तिथे बशी पुढे येते आणि नाही म्हणायची सोय नसते. त्या संध्याकाळी ताटात गरम वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड दिसली की थोरामोठ्यांचेही चेहरे खुलतात. म्हणून तळणीचं सगळं आधी खोड. भजी गेली, दहीवडे गेले, पुऱ्याही गेल्या. पुऱ्यांसाठी तू हट्ट करशील, माहीत आहे. हव्याच असतील तर तळणारा माणूस आधी ठरव, आणि तो माणूस तू नसावीस. १४ जणांना ७०-८० पुऱ्या लागतात, त्याही टम्म फुगलेल्या आणि गरम. म्हणजे सगळे जेवून उठेपर्यंत तू कढईपाशी.

भाऊबिजेला हे बरं दिसत नाही गं. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ही यमद्वितीया. सणाचं मूळच बहिणीच्या हातचं जेवण. पण गोष्टीत यमुना घाम पुसत पुऱ्या तळत होती असं कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. ओवाळणारी तू, तेव्हा पंगतीत भावाशेजारी तुझंही ताट हवं. मग मेनू ठरवायची माझी रीत अशी: ताटं मांडल्यावर गॅसवर एकच गोष्ट असली पाहिजे. बाकी सगळं आधी झालेलं, आणि झाकून ठेवल्यावर बिघडणार नाही असंच निवडायचं. या एका अटीवर तुझी यादी लाव, अर्धी आपोआप गळेल.

दुसरी गाळणी माणसांची. तुझ्या सासूबाई आणि आपली मोठी मावशी चातुर्मास पाळतात. कांदेनवमीला सोडलेला कांदा, लसूण आणि वांगं त्या कार्तिकी एकादशीपर्यंत खात नाहीत, आणि भाऊबीज त्याच्या आधी येते. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं मांडू नकोस. वेगळं ताट आलं की त्या माणसाला आपण सगळ्यांना त्रास देतोय असं वाटत राहतं. आख्खा स्वयंपाकच कांदा-लसणाविना कर. खरं सांगते, कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या सणाच्या जेवणात चव असते ती हिंग, जिरं, ओलं खोबरं, गोडा मसाला, चिंच आणि गुळाची. भरली वांगी आणि ते पनीर मात्र खोड.

धाकट्या भाचीला शेंगदाणे चालत नाहीत, हे तुझ्या लक्षात आहे ना? आपल्याकडे दाण्याचं कूट कुठे नसतं ते सांग! कोशिंबिरीत, पंचामृतात, भाजीत. तेव्हा त्या दिवशी दाण्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दे. कोशिंबिरीत ओलं खोबरं घाल, पंचामृत तीळ-खोबऱ्यावर कर, आणि तुमच्याकडे शेंगदाणा तेल वापरत असाल तर त्या दिवसापुरतं दुसरं आण. काकांच्या शुगरसाठी बिनसाखरेचं काहीतरी गोड करायच्या भानगडीत पडू नकोस. बासुंदीच्या वाट्याच लहान घे. सगळ्यांना सारखी वाटी गेली की काकांना ओशाळल्यासारखं होत नाही, आणि काकूंचा डोळाही त्यांच्या वाटीवर राहत नाही.

तर उरलं काय? बासुंदी, घडीच्या पोळ्या, डाळिंब्यांची उसळ, बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभात, साधं वरण-भात, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, कोथिंबीर वडी आणि मठ्ठा. लिंबू-लोणचं मी मोजत नाही. अळूचं फदफदं काढताना मलाही जिवावर आलं. पण अळूची देठं सोलायची, चुका निवडायचा, शिजवून घोटायचं, आणि त्याच सकाळी वालही सोलायचे, हे दोन हातांचं काम नव्हे. दोन्हींतलं एकच घ्यायचं, आणि मी वाल घेते, कारण ते काम बसून, गप्पा मारत होतं.

कडवे वाल अर्धा किलो पुरतील. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिजत घाल, पाडव्याला सकाळी उपसून पंचात घट्ट बांध आणि डब्यात झाकून ठेव. गारठा असला तर ते गाठोडं ओट्यावर गॅसजवळ ठेव, नाहीतर मोड रुसतात. भाऊबिजेला सकाळी कोमट पाण्यात टाकायचे आणि परात मध्ये घेऊन बसायचं. अंगठा आणि तर्जनीत वाल धरून मोडाच्या उलट्या टोकाकडून हलकंसं दाबलं की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन परातीत पडते. पहिले चार-पाच फुटतील, मग बोटांना कळतं. पोरांना बसव बरोबर, त्यांना हे भारी आवडतं. अर्ध्या डाळिंब्या जमिनीवर उडवतात हे खरं, पण तासाभराचं काम हसत होतं आणि सासूबाईंनाही बसल्या जागी हात लावता येतो. फोडणीला मोहरी, जिरं, भरपूर हिंग, कढीपत्ता. वरून जिरं-खोबऱ्याचं वाटण, आमसूल, गूळ. शिजताना डावाने ढवळू नकोस, डाळिंब्या मोडतात. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

बासुंदी पाडव्याला दुपारीच करून टाक, संध्याकाळी तुझं स्वतःचं औक्षण आहे. ४ लिटर म्हशीचं दूध लागेल. दिवाळीत दूधवाल्याकडे ऐन वेळी मिळत नाही, धनत्रयोदशीलाच सांगून ठेव. एकाच उंच पातेल्यात आटवत बसलीस तर संध्याकाळ होईल. दोन पसरट, जाड बुडाच्या कढया घे आणि दोन-दोन लिटर वाटून टाक. तोंड रुंद असलं की वाफ लवकर जाते. कडेला धरलेली साय उलथन्याने सुटी करून परत दुधात ढकलत राहायची, बासुंदीची सगळी मजा त्या सायीच्या पदरांत आहे. साखर अगदी शेवटी. आधी घातलीस तर बुडाला लागायची भीती वाढते. साखर पडली की दूध जरा सैल होतं, तेव्हा घाबरू नकोस. पाव किलोपासून सुरुवात कर आणि चाखून वाढव. निम्म्याच्या थोडं आधीच गॅस बंद कर, कारण फ्रिजमध्ये ती आणखी दाटते. वेलची, चारोळी आणि जायफळ किसणीवर चार वेळा फिरवलं की बास. जायफळ जास्त झालं की बासुंदीला औषधाचा वास येतो आणि मंडळी जेवण होताच सतरंजीवर आडवी होतात. खव्याच्या वाटेला जाऊ नकोस. दूध आटवायला वेळ आहे आणि तू घरी आहेस, मग विकतचा खवा कशाला?

बटाट्याच्या भाजीचं तुला काय सांगायचं? उडदाची डाळ फोडणीत लाल होऊ दे, आलं-मिरची ठेचून घाल, झालं. पंचामृत सासूबाईंवर सोपव. एक तरी पदार्थ त्यांच्या हातचा असला आणि तो तू मागून घेतलास, की उरलेल्या नऊ पदार्थांवरची टीका निम्मी होते. हे पंचामृत चार दिवस टिकतं, तेव्हा त्यांनी कधीही केलं तरी चालतंय. कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या रात्री वाफवून फ्रिजमध्ये टाक. गार झाले की सुरेख कापले जातात. ताटं मांडल्यावर गॅसवर असणारी ती एकच गोष्ट म्हणजे ह्या वड्या, तव्यावर थोड्या तेलात. आणि मावशीसाठी चार नुसत्या वाफवलेल्या बाजूला ठेव, तिची कवळी नवीन आहे.

मापांचं बोलू. आईची 'रुचिरा' तुझ्याकडेच आहे ना? कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ते पुस्तक लिहून आपल्यासारख्यांची मोठी सोय करून ठेवली, पण घरगुती मापं चार-सहा माणसांची असतात. १४ जणांसाठी तांदूळ, डाळ, बटाटे हिशेबाने वाढव. फोडणीचं तेल, मोहरी, हिंग, मिरची मात्र त्याच पटीत वाढवलीस तर घशाला लागेल. पटीच्या थोडं अलीकडे थांब. मीठ तर चाखतच घाल. मसालेभाताला पाऊण किलो तांदूळ घे, आंबेमोहोर नाहीतर कोलम, साध्या भाताला पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम. तांदूळ धुऊन अर्धा तास उपसून ठेव, तोंडली उभी चिर. मोठ्या पातेल्यात पाणी दुपटीला थोडं कमीच लागतं, आणि ते उकळतं घालायचं. सहा वाजेपर्यंत भात उतरवून जाड झाकण, वर पंचा. खोबरं-कोथिंबीर आणि तूप वाढताना.

पोळ्यांना बाई येणार आहेत, असं तू लिहिलंयस. अगं, त्यांनाही भाऊ आहे! त्या दिवशी त्यांची वाट बघू नकोस, त्यांना आधीच सुट्टी दे आणि ओवाळणीला घेऊन जायला फराळाचा डबाही. पोळ्या तुम्ही दोघं मिळून चारच्या सुमारास करा. एकाने लाटायच्या, एकाने भाजायच्या. तूप लावून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की रात्रीपर्यंत मऊ राहतात. जावईबापूंना लाटणं जमत नसेल तर भाजू देत. आणि वहिनी फोन करून 'काय आणू?' विचारेल तेव्हा 'काही नको' म्हणू नकोस. 'मठ्ठा आण, ३ लिटर, आलं-कोथिंबीर लावून' असं स्पष्ट सांग. नाहीतर ती मिठाईचा खोका आणेल, आणि तो तुझ्या फ्रिजमधली बासुंदीची जागा खाईल.

जेवायची वेळ तुझ्या हातात नाही, चंद्राच्या हातात आहे. आई आधी चंद्राला ओवाळते आणि मग भावाला, हे लहानपणापासून बघतेस. द्वितीयेची कोर सूर्य मावळल्यावर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते आणि मावळून जाते. तेव्हा साडेसहाला निरांजन, सुपारी, अक्षता, अंगठी असं तबक तयार हवं. तुमची गॅलरी पूर्वेला आहे, म्हणजे गच्चीवर जावं लागेल. गच्चीची किल्ली सोसायटीच्या वॉचमनकडून दुपारीच घेऊन ठेव. चंद्र, मग भाऊ, मग ओवाळणीवरून जी काय भांडणं होतील ती, आणि पावणेआठला ताटं. कोशिंबिरीला मीठ त्या आधी घालू नकोस, काकडीला पाणी सुटून तिचं सार होतं.

ताट वाढायचं कुणावर तरी सोपव, पण बाजू सांगून ठेव. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, लोणचं, पंचामृत, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि उसळ. चमचाभर खायचं ते डावीकडे, पोळीबरोबर पुन्हा पुन्हा घ्यायचं ते उजव्या हाताशी. तुझ्या धाकट्या दिराला वाढायला लाव, तो आग्रह छान करतो. फक्त बासुंदीच्या भांड्यापासून त्याला लांब ठेव.

आता वाण्याची यादी कर आणि मला पाठव, मी बघते. वाल, चारोळी, आमसूल, तीळ, तांदूळ. गोडा मसाला घरचा आहेच. नारळ चार लागतील, पण पाच आण. एखादा हमखास खवट निघतो, आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी कुठलं दुकान उघडं सापडायचं?