चाकांवरचे घर

‘घर’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ओटी, माजघर, परसातील विहीर, अंगणातील तुळशीवृंदावन. नाही तर चाळीतील एखादी खोली. घर म्हणजे एका जागी स्थिर असणारी वास्तू, अशीच आपली समजूत असते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हजारो माणसे बारा महिने चाकांवरच्या घरात राहतात. त्यांपैकी काहींनी तर जुन्या मालमोटारीलाच आपले घर केले आहे. हे घर कसे घडते ते आपण पाहू.

अशा मालमोटारीत चालकाच्या जागेमागे एक मोठी बंद पेटी असते. मध्यम आकाराची पेटी सुमारे १६ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि माणसाला ताठ उभे राहता येईल एवढी उंच असते. म्हणजे जागा अवघी १२० चौरस फूट! भिंती सरळ असल्यामुळे फळ्या, कपाटे व पलंग बसविणे सोपे जाते. परंतु ही पेटी मालासाठी बनविलेली असते. मालाला थंडी वाजत नाही, तहान लागत नाही की श्वास घ्यावा लागत नाही. माणसाला हे सारे लागते. तेव्हा पेटीचे घर करावयाचे म्हणजे माणसाची एकेक गरज ओळखून ती भागवावयाची.

पहिली गरज उबेची. पातळ पत्र्यातून उष्णता झरझर निघून जाते. म्हणून भिंती, छत व जमीन यांना आतून उष्णतारोधक तक्त्यांचे अस्तर लावतात. येथे एक गुप्त शत्रू दडलेला असतो. बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. तद्वत श्वासातील व स्वयंपाकातील वाफ थंड पत्र्यावर जमून तिचे पाणी होते. अस्तरात फट राहिली, तर हे पाणी आत मुरते, लाकूड कुजते व बुरशी धरते. यास्तव छताला हवेची खिडकी व पंखा बसवून दमट हवा बाहेर घालवावी लागते.

दुसरी गरज पाण्याची. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. १५० लिटरची टाकी भरली की मोटारीवर १५० किलोग्रॅमचा भार वाढला! प्रत्येक मोटारीने किती भार वाहावा याची मर्यादा ठरलेली असते. म्हणून टाकी खाली व दोन्ही बाजूंचा तोल राहील अशी बसवितात. अमेरिकेतील सामान्य घरात माणशी दररोज सुमारे ३०० लिटर पाणी लागते. येथे दोघांनी मिळून दिवसाला २० लिटर वापरले, तरच टाकी आठवडाभर पुरते.

विजेचीही तीच कथा. छपरावर ४०० वॉटची सौर पॅनेले बसविली व पाच तास कडक ऊन मिळाले, तर फार तर दोन युनिटे वीज हाती येते. एवढ्यात दिवे, पंखा व लहानसे शीतकपाट सहज चालते. पण विजेची मोठी शेगडी ती सारी तास-दीड तासात फस्त करील.

सर्वांत मोठी काळजी प्राणांची. बंद जागेत शेगडी जळत राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून त्याची सूचना देणारी घंटा प्रत्येक चाकांवरच्या घरात हवीच. पेटीला मागे दुकानासारखे शटर असते व त्याची कडी बहुधा बाहेरून लागते. आग लागल्यास सुटता यावे म्हणून आतून उघडणारे दुसरे दार करणे अत्यावश्यक असते.

असे घर कोण करते? कोणाला प्रवासाची हौस असते, तर कोणाला घरभाडे परवडत नाही. २००८ सालच्या आर्थिक मंदीत कित्येकांची घरे गेली. त्यांतील काही वृद्धांनी मोटारीत संसार थाटला. परंतु घर तयार झाले, तरी ते उभे करावयाचे कोठे? मध्यवर्ती सरकारच्या पुष्कळशा मोकळ्या जमिनींवर साधारणतः १४ दिवस राहता येते. मग हलावे लागते. अनेक शहरांत मोटारीत झोपण्यास मनाई आहे. सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास बंदी घालणारे कायदे शहरांना अमलात आणता येतील, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला.

नळ सोडला की पाणी येते, कळ दाबली की दिवा लागतो; म्हणून त्यांचे मोल आपल्याला कळत नाही. मालमोटारीत राहणाऱ्याला ते प्रत्येक लिटरला कळते. आणखी एक गोष्ट हे घर शिकविते. भिंती, छप्पर, पाणी व उजेड माणूस स्वतःच्या कष्टाने मिळवू शकतो. परंतु ‘येथे निश्चिंतपणे राहा’ हा शब्द त्याला इतरांकडूनच मिळावा लागतो. तो मिळाल्यावाचून कोणतेही घर पुरे होत नाही.

स्वाध्याय

१. पेटीच्या भिंतींत पाणी कसे मुरते? ते टाळण्यासाठी काय करतात?
२. पाण्याची टाकी खाली व तोल साधून का बसवितात?
३. ‘मालाला थंडी वाजत नाही’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
४. तुमच्या घरी एका दिवसात किती पाणी लागते ते मोजा व त्यावर दहा ओळी लिहा.