संतकथांचे विणलेले पट कोण घडवायचे?

प्रश्न : फ्रान्सच्या जुन्या चर्चमध्ये संतांच्या कथा विणलेले मोठमोठे पट टांगत असत. ते नेमके कोण घडवायचे? त्या कारागिरांची नावे कळतात का?

उत्तर : काहींची कळतात, आणि तीही चर्चच्या जमाखर्चातून. त्र्वा शहरातल्या सेंट मादलेन या पॅरिश चर्चने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मेरी मॅग्डालीनच्या जीवनावरचा पट विणून घेतला. कोणते काम कोणाला दिले, हे त्या हिशेबांत नोंदलेले आहे.

दिदिए नावाच्या डॉमिनिकन साधूने आधी कथा लिहून दिली. चित्रकार जाकेने तिच्यावरून कागदावर लहान आराखडा काढला. पण विणकराला चित्र पटाएवढेच लागते. मग प्वांसेत नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मदतनीस घेऊन पलंगावरच्या मोठ्या चादरी जोडल्या, आणि त्यांवर जाकेने व पोथ्या रंगवणाऱ्या सिमाँने पूर्ण आकाराचे चित्र रंगवले. या साऱ्या नोंदींत मला प्वांसेतचे नाव सर्वांत मोलाचे वाटते. मध्ययुगातल्या किती भव्य पटांचे चित्रकारसुद्धा आज अज्ञात आहेत. इथे चादरी शिवणारी बाई नावानिशी उरली आहे.

विणकाम तिबो क्लेमाँने घरच्या माणसाला हाताशी घेऊन केले, उभ्या मागावर. या मागावर विणकर पटाच्या मागल्या अंगाला बसतो. सुलट बाजू त्याच्या नजरेपलीकडे असते. आडवा धागा काठापासून काठापर्यंत जात नाही, आपल्या रंगापुरत्या जागेतच फिरून माघारी येतो. आपल्या पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. तिथे रेशीम आणि जर, तर या पटांत मुख्यतः लोकर, आणि बाणा इतका दाट ठोकलेला की ताणा पार झाकून जातो. त्यामुळे हे काम अतिशय सावकाश चालते.

मागावरून उतरलेला पट पुन्हा प्वांसेतकडेच आला. तिने त्याला जाड कापडाचे अस्तर लावले आणि दोर शिवले. एवढ्या वजनाचा पट अस्तराशिवाय टांगला, तर स्वतःच्याच भाराने ताणला जातो.

असे पट चर्चमध्येच पाहायचे असतील तर बरगंडीतल्या बोन गावी जावे. कुमारी मारियाच्या जीवनावरचे, 1500 साली पुरे झालेले पट तिथल्या नोत्र-दाम चर्चमध्ये आहेत.